बोनाफाईड पुरे माना

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई यांस

महोदय,


आपल्या विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या सहाव्या सत्राला ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं. पदव्युत्तर वर्गांना ते आधीच लागू झालं. २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७ च्या पूर्वार्धात सहाव्या सत्रात येईल, आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत कॉलेजाकॉलेजातली मुलं कामाची जागा शोधत फिरतील. पुस्तकाबाहेरचं शिक्षण सक्तीचं झालं याचा मला आनंदच आहे. त्या १२० तासांचा खर्च कोण देणार आणि ज्यांच्या हाती धड कागद नाहीत त्यांच्यापर्यंत तो कसा पोहोचणार, एवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

मी करी रोडला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी इथल्याच एका खोलीत मुलांचे फॉर्म भरून द्यायला बसते. शिष्यवृत्ती, परीक्षा, रेल्वे कन्सेशन, जे येईल ते. लोकांची केवायसी करण्यात हयात गेली, त्यामुळे कागदांचं मला वावडं नाही. कोणता कागद कशासाठी लागतो आणि कोणता नुसताच मागायचा म्हणून मागितला जातो, हे बऱ्यापैकी कळतं.

या शहरात ‘कागद नाहीत’ म्हटलं की हल्ली ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. कुठला आहे? सीमेपलीकडचा तर नाही? म्हणून आधीच सांगते, मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती मुलं इथेच जन्मली, इथल्याच शाळांत दहावी-बारावी झाली आणि आपल्याच विद्यापीठात शिकत आहेत. त्यांच्याकडे कागद अजिबात नाहीत असंही नाही. पण एक असतो तेव्हा दुसरा नसतो, आणि दोन्ही असले तर त्यांवरची नावं जुळत नाहीत.

आमच्या भागातलंच घ्या. खोली पागडीची, भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली, वारसांचं एकमत नाही, त्यामुळे पावतीवरचं नाव तसंच आहे. थोरला काका खोलीत राहिला, धाकटा बायकापोरांना घेऊन डोंबिवलीला, तिथून दिव्याला, मग परत काळाचौकीला. दर वेळी अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, आणि मालकाने टाळाटाळ केली की तोही नाही. अशा घरातल्या मुलीला डोमिसाईल काढायला पाठवलं की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ती राज्याबाहेर एक दिवस राहिलेली नसते, पण पंधरा वर्षांची साखळी जोडायला बसलं की मधल्या दोन कड्या सापडत नाहीत. एन. एम. जोशी मार्गावरच्या बीडीडीच्या ३२ चाळींचा पुनर्विकास चालू आहे. तिथले भाडेकरू हलले, कुणी संक्रमण शिबिरात गेले, कुणी भाड्याच्या घरात. कित्येकांचा जुना पत्ता पाडला गेला आणि नवा अजून बांधला जातो आहे. मधल्या काळात कॉलेजला गेलेल्या मुलांनी कोणता पत्ता लिहायचा?

भटक्या-विमुक्तांचं दुखणं याहून जुनं. जातीच्या दाखल्यासाठी त्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचं दाखवावं लागतं. त्या तारखेच्या आधीचा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, असं टेबलापलीकडून सांगितलं जातं. आजोबा नंदीबैल घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांनी शाळा पाहिली ती बाहेरून. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या होत्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. म्हणजे विमुक्तीनंतर जेमतेम नऊ वर्षांत या माणसांनी मुलांना शाळेत घालून पुढच्या पिढ्यांसाठी दाखलेही जपून ठेवायला हवे होते, अशी ही अपेक्षा आहे. स्थानिक चौकशी करून दाखला देण्याची तरतूद आहे, मला ठाऊक आहे. पण ती करायला अधिकाऱ्याने खुर्चीतून उठावं लागतं. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये या समाजांसाठी ‘सीड’ नावाची योजना आणली, पाच वर्षांत २०० कोटींची. तिचं घोडं पेंड खातं ते दाखल्यापाशीच. आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत रायगड आणि पालघरचे कातकरी आहेत, वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर काढणारे. त्यांच्यातला जो मुलगा बारावी होऊन कॉलेजात पोहोचला त्याने केवढं अंतर कापलं असेल! त्याच्या फाइलीत जमातीची व्हॅलिडिटी नाही, एवढंच आपल्या यंत्रणेला दिसतं.

आणि करी रोडपासून फार दूर नसलेल्या कामाठीपुऱ्यातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची मुलं. फॉर्मवर वडिलांचं नाव हा रकाना असतो, तिथेच पेन थांबतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड द्यायचा मार्ग मोकळा केला, ते चांगलंच झालं. राज्य सरकारने कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं, तेही चांगलं. पण तो नियम १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी आहे. ती बाळं कॉलेजात येतील तेव्हा येतील. आज एस. वाय.ला असलेल्या मुलीचं काय?

उरलेल्यांत साध्या साध्या गोष्टी. लिव्हिंगवर ‘गणपत’, आधारवर ‘गणपती’. बँकेचं खातं गावच्या शाखेत, आधारशी जोडलेलं नाही. आई घरकाम करते, तिला उत्पन्नाचा दाखला कोण देणार? सेतूच्या रांगेत एक दिवस मोडला की तिचा एक खाडा पडतो आणि तो पगारातून कापला जातो.

आता पैशाकडे येते. हाताने काम शिकणाऱ्या तरुणांना पैसे देणाऱ्या दोन सरकारी योजनांचा अलीकडे बराच बोलबाला झाला. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये देते आणि पदवीधराला १०,०००. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा आणि आधारशी जोडलेलं खातं हवं. पण त्याच्या आधीची अट अशी की शिक्षण चालू असलेला उमेदवार चालत नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये महिना ५,००० रुपयांवर सुरू झाली, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला तीही नव्हती. सरकारच्या दृष्टीने एक तर तुम्ही शिका, नाहीतर काम शिका. दोन्ही एकदम करायला सांगितलं ते विद्यापीठाने. मग त्या १२० तासांची जबाबदारी आपल्याखेरीज कुणाकडे जाते?

ती कुणीच घेतली नाही तर काय होईल, ते पदव्युत्तर वर्गांतल्या मुलांकडे पाहून आत्ताच सांगता येतं. ज्याच्या वडिलांची ओळख आहे तो एखाद्या सीएच्या ऑफिसात बसतो आणि खरोखर चार गोष्टी शिकतो. बाकीचे काकाच्या मोबाईलच्या दुकानाचं लेटर आणतात. शिक्का असतो, सही असते, १२० तास भरलेले असतात आणि मुलगा त्या वेळात आपला नेहमीचा पार्ट टाइम, म्हणजे पार्सल पोहोचवायचं काम, करत असतो. मी त्याला दोष देत नाही. त्या पार्सलांवर घरचं वीजबिल भरलं जातं. १२० तास फुकट राबायची चैन त्याला परवडत नाही.

वास्तविक आमच्याकडे शिकण्याजोग्या कामाच्या जागांना तोटा नाही. स्टेशनातून बाहेर पडून डिलाईल रोडला, म्हणजे एन. एम. जोशी मार्गाला, लागलं की काचेचे टॉवर. मफतलाल मिलच्या जागी एक, थोडं पुढे ज्युपिटर मिलच्या जागी दुसरा, कमला मिलच्या आवारात तर ऑफिसांचं अख्खं गाव. सकाळी नऊ-साडेनऊला करी रोडच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. २०१७ च्या एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर इथला नवा पादचारी पूल लष्कराने येऊन बांधला, इतकी ही गर्दी. ती सगळी त्या ऑफिसांत जाते. आमच्या चाळीतलं पोर मात्र तिथे ओजेटीला गेलं तर पहिला अडसर गेटवरच: सरकारी फोटो ओळखपत्र दाखवा. दुसरा वर एचआरमध्ये: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, पडताळणीची संमती. बिनपगारी शिकाऊसाठीही एवढं सगळं. घरापासून दहा मिनिटांवरचं ऑफिस त्याला असं दुरावतं.

गिरण्यांच्या काळात सगळं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. गावाहून आलेला पोरगा काकाच्या मागे साच्यावर उभा राहायचा आणि पाहून पाहून शिकायचा. दाखला कुणी मागत नसे, मुकादमाचा शब्द पुरायचा. पण त्या शब्दाला दस्तुरी मोजावी लागायची. मुकादमाची ही पकड ढिली करायला १९३५ च्या सुमारास बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. कागद तेव्हा कामगाराच्या बाजूने आला होता, हे विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या. मग म्हाडाच्या घरांसाठी कामगारांना आपण कामगार होतो हे सिद्ध करायची वेळ आली. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगारपावती, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचा क्रमांक अशी लांबलचक यादी पुराव्यासाठी ठेवावी लागली. कारण सगळ्यांकडे एकच एक कागद असणार नाही, हे तिथे निदान मान्य झालं. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला ते अजून मान्य नाही. तिथे सगळे कागद हवेत, आणि एकदमच हवेत.

ज्यांचं नाव आमच्या रस्त्याला आहे त्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला जायला बडोद्याच्या संस्थानाने महिना साडेअकरा पौंड दिले, परत येऊन दहा वर्षं चाकरी करण्याच्या करारावर. पुढे १९४६ मध्ये त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा व शिका योजना तर ऐकली नाही असा सातारकर या लालबाग-परळात मिळायचा नाही. आपल्या विद्यार्थी विकास विभागाला ती चांगली परिचयाची आहे. तिच्यात मुलगा कॉलेजचा आहे आणि त्याने इतके तास काम केलं, हे प्राचार्यांनी लिहून दिलं की तासांप्रमाणे पैसे मिळतात. मला जे हवं आहे ते जवळजवळ एवढंच आहे, फक्त कॉलेजच्या आवाराबाहेर.

कागदांविना मुलांनी काम कसं शिकायचं, हा प्रश्न अमेरिकेत फार तीव्र आहे, आणि तिथली मुलं खरोखरच परवान्याविना आहेत. आईबापांनी तान्हेपणी सीमेपलीकडून आणलेली, तिथेच वाढलेली. १९८२ मध्येच, इथे संप चालू असताना, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका खटल्यात निकाल दिला की अशा मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. पण कॉलेजात गेल्यावर पंचाईत होते. इंटर्नशिपचा पगार घ्यायचा तर कामाचा परवाना लागतो, आणि तो यांच्याकडे नाही. काही विद्यापीठांनी त्यावर तोड काढली. पगार द्यायचाच नाही, शिकण्यासाठी विद्यावेतन द्यायचं. विद्यावेतन हा शिक्षणाचा खर्च, त्याला परवान्याची गरज नाही. त्या मुलांवर कायद्याची टांगती तलवार असूनही तिथल्या शिक्षकांनी वाट शोधली. आपल्या मुलांवर तर तशी तलवारही नाही.

म्हणून माझं मागणं. विद्यापीठाने ओजेटीसाठी स्वतःचा विद्यावेतन निधी उभारावा, आणि तो ज्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही त्यांना आधी द्यावा. पात्रतेचा पुरावा एकच: कॉलेजचं बोनाफाईड, त्यावर पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. जातीचा दाखला नको, डोमिसाईल नको, आधार जोडलेलं खातं नको. या मुलाला प्रवेश आपण दिला, त्याची परीक्षा आपण घेतली, त्याची गुणपत्रिका आपण छापली. त्याला उद्या पदवी देणार तेही आपणच. विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्याची ओळख पटवायला तहसीलदाराची सही का लागावी? आणि आधारच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यूजीसीसारख्या संस्थांना आधार सक्तीचं करता येणार नाही, असं म्हटलेलंच आहे. तरीही क्रेडिट जमा करायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा एबीसी आयडी, त्याला डिजिलॉकर आणि डिजिलॉकरला आधार अशी साखळी आहे. ज्याचं आधार अडलं आहे त्याच्या क्रेडिटची नोंद कॉलेजच्या रजिस्टरवरून करण्याची सोय या निधीच्या परिपत्रकातच असावी.

हिशोब मी मांडून पाहिला आहे. तासाला १०० रुपये धरले तर एका मुलाचे १२,००० होतात. हजार मुलांचे १ कोटी २० लाख. ही रक्कम विद्यापीठाला जड वाटत असेल तर त्या टॉवरवाल्यांना एक पत्र लिहा. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात, आणि शिक्षण व रोजगाराची कौशल्यं त्या यादीत आहेत. गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश म्हाडाला, असा नियम १९९१ मध्ये होता. २००१ मध्ये तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. तो वाद आता परत उकरणार नाही. पण त्या जमिनीवर बसलेल्यांकडे शेजारच्या मुलांसाठी हात पसरायला विद्यापीठाला संकोच वाटायचं काहीच कारण नाही. आपण ज्या राजाबाई टॉवरच्या सावलीत बसता तो प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला. ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख, १८६४ मध्ये. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतले ते पैसे. कापसाच्या पैशाने या विद्यापीठाचं घर बांधलं आहेच.

आता आपले वित्त अधिकारी दोन शंका काढतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढल्या असत्या.

पहिली, पैसे द्यायचे कसे? बँकेत पुरेसे कागद नसलेल्या माणसासाठी ‘स्मॉल अकाउंट’ नावाची सोय आहे. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा, एवढ्यावर ते उघडतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षाला जमा एक लाखापर्यंत, महिन्याला काढायची मर्यादा दहा हजार, सुरुवातीची मुदत बारा महिने. १२,००० रुपयांच्या विद्यावेतनाला ते भरपूर झालं. शाखेत विचारलंत तर निम्मे कर्मचारी असं काही नसतं म्हणतील. असतं. आग्रह धरावा लागतो, आणि तो एकट्या मुलापेक्षा विद्यापीठाने धरला तर शाखाधिकारी लवकर ऐकतो.

दुसरी शंका बोगस लाभार्थ्यांची. ओजेटीत मुलाची रोजची हजेरी कामाच्या जागी लागते, तिथला मार्गदर्शक गुण देतो, कॉलेजचा शिक्षक पाहणी करतो आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. इतकी तपासणी कुठल्या दाखल्यात आहे? शिवाय राज्यात शिष्यवृत्तीच्या पैशांत जे मोठे गैरव्यवहार उघडकीला आले ते संस्थांच्या पातळीवरचे होते, आणि त्या फाइलींत कागद कमी नव्हते.

कामाच्या जागाही केवळ टॉवरमध्येच शोधायला नकोत. केईएमचा रेकॉर्ड विभाग, वाडिया, हाफकिन, परळचं एफ दक्षिण वॉर्ड ऑफिस, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुनर्विकासात अडकलेल्या सोसायट्यांचे हिशोब, लालबागच्या मसाला गल्लीतल्या दुकानांची जीएसटीची विवरणपत्रं. कॉमर्सच्या मुलाला यांतल्या कुठल्याही ठिकाणी सहा आठवड्यांत जे समजेल ते पॉवरपॉइंटमधून समजायचं नाही. विद्यापीठाने या संस्थांशी एकेक करार करून ‘आमचं बोनाफाईड ओळखपत्र म्हणून चालेल’ एवढं एक कलम त्यात घालून घेतलं, तर गेटवरचा अडसर परस्पर दूर होईल.

दाखले मिळवून देण्याचं काम बंद करा असं मी म्हणत नाही. ते चालूच राहायला हवं, मी स्वतः ते करतेच. पण जात पडताळणी समितीचा निकाल यायच्या आत मुलगा पदवीधर होऊन बाहेर पडलेला असतो. सहावं सत्र त्याच्या आयुष्यात एकदाच येतं.

अधिसभेत यावर भाषणं होतील, समिती नेमली जाईल, समितीचा अहवाल येईल. एवढा वेळ नाही. व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय आपण स्वतः घ्यावा आणि पहिली तुकडी सहाव्या सत्रात येण्याआधी एक पानी परिपत्रक सर्व कॉलेजांना जावं, ही विनंती. परिपत्रक निघालं की पहिले फॉर्म करी रोडहून येतील, ते भरून द्यायची जबाबदारी माझी.

कळावे,

आपली,
करी रोडची एक रहिवासी आणि आपल्याच विद्यापीठाची पदवीधर